उसना वेळ

माझ्याकडे सर्टिफिकेटांची एक फुगलेली फाइल आहे. इग्नूची पदवी, 2020 साली दीक्षा पोर्टलवरून काढलेले क्यूआर कोडवाले कागद, पुढे आयगॉट कर्मयोगीवर केलेले लहानमोठे कोर्स. तपासणीला पथक आलं की फाइल टेबलावर मांडायची, साहेबांनी चार पानं उलटायची आणि ‘बहुत पढ़ी हैं सिस्टर आप’ म्हणत चहाकडे वळायचं, अशी आमच्याकडची रीत. प्रत्येक कागदावर माझं एकटीचं नाव आहे. त्यातलं बहुतेक मी माझ्या वेळात शिकलेच नाही. ज्यांच्या वेळात शिकले त्यांची नावं छापायला त्या कागदांवर जागा नसते, म्हणून हे लिहायला घेतलं.

ऑनलाइन शिक्षणाच्या जाहिराती सांगतात: तुमच्या सोयीने, तुमच्या गतीने, कुठेही, केव्हाही. केव्हाही म्हणजे नेमकं केव्हा, हे वॉर्डातल्या बाईला एकदा विचारावं. सकाळी आठ ते दोन, दोन ते आठ, रात्री आठ ते सकाळी आठ असं चक्र. वीस पलंगांच्या वॉर्डात तीस पेशंट, दोघी सिस्टर, त्यातली एक कायम कुठल्या तरी रिपोर्टच्या मागे. घरी आलं की पदर खोचलेला तसाच ठेवून दुसरी पाळी सुरू. हे चक्र फिरवणाऱ्या बाईला गती असते, सोय मात्र दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी लागते.

मी मूळची पांढुर्ण्याची. नागपूर-इटारसी रेल्वेवरचं स्टेशन, संत्री आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार, एवढ्यात आमच्या गावाची ओळख संपते. तेव्हा ते छिंदवाडा जिल्ह्यात होतं, 2023 पासून स्वतःच जिल्हा झालं. घरात मराठी, बाजारात हिंदी, दोन्हींत सारखेच निर्धास्त. नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून, लग्न करून भोपाळला आले. सासरे भेलच्या कारखान्यात, घर पिपलानीच्या क्वार्टरमध्ये. नोकरी लागली शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात, मेडिसिन वॉर्डात.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर कोट्टयमकडच्या. भोपाळच्या दवाखान्यांना मल्याळी सिस्टर नव्या नाहीत. आमच्या सिस्टरांच्या हिंदीत क्रियापदाचं लिंग कधी जागेवर नसायचं, औषधाचा डोस मात्र कधी चुकायचा नाही. मला त्या ‘मोळे’ म्हणायच्या, म्हणजे पोरी. वॉर्डात कुणावर रागावल्या की आधी चष्मा काढून पुसायच्या. चष्मा पुसायला घेतला की आम्ही सगळ्या इंजेक्शनच्या ट्रेमागे लपत असू.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री त्या हमीदिया रुग्णालयात ड्यूटीवर होत्या, नोकरीला नव्यानेच लागलेल्या. युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं, हे आज भोपाळातलं शाळकरी पोर सांगेल. त्या रात्री हजारो माणसं डोळे चोळत, धापा टाकत येत होती आणि वायू कुठला, त्यावर उतारा काय, हे वॉर्डातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळ्यांत थेंब घालायचे, पाणी मारायचं, पुरेल तिथवर ऑक्सिजन द्यायचा. सिस्टर त्या रात्रीबद्दल बोलत नसत. माझ्यापाशी एकदाच बोलल्या, तेही औषधांचं कपाट लावता लावता: ‘मरने वाला पूछता था, सिस्टर, क्या हुआ है मेरे को. हमको तो नाम भी नहीं मालूम था.’

त्यानंतर त्यांना वाचनाचं जे वेड लागलं, ते मी पाहिलं तोवर दहा वर्षांचं झालेलं होतं. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद घडी घालून ठेवलेला असतो ना, तो आपण पहिल्यांदा फेकतो. त्या तो उलगडून, तळहाताने सपाट करून, जुन्या इंडेंट रजिस्टरात डिंकाने चिकटवायच्या. ओळींखाली लाल पेन. समासात मल्याळममध्ये काहीबाही. अशी रजिस्टरं तीन का चार होती. एखादं नवं अँटिबायोटिक वॉर्डात आलं, की डॉक्टरांच्या आधी त्याचा कागद त्या रजिस्टरात गेलेला असायचा. नवे हाउसमन चोरून ते उघडून बघत.

इग्नूचा फॉर्म त्यांनीच आणला. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 चं. नोकरीतल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग त्याने नव्वदच्या दशकात सुरू केलं. नोकरी न सोडता, घरी पुस्तकं वाचून, मधूनमधून अभ्यासकेंद्रावर आणि प्रात्यक्षिकांना हजर राहून पदवी. महाराष्ट्रात तोवर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने ज्ञानगंगा घरोघरी नेली होती. माझ्या नागपूरच्या मावसबहिणीने शिवणकाम सांभाळून बीए केलं होतं ते त्यातूनच. मी मात्र नाही म्हणाले. मोठी मुलगी तीन वर्षांची, धाकटा कडेवर. सिस्टरांनी चष्मा काढला. मी फॉर्म भरला.

पोस्टाने पुस्तकांचं गाठोडं आलं. आजच्या मुलींना वाटतं स्वतःच्या वेगाने शिकणं फोनबरोबर आलं. त्या पुस्तकांत ते सगळं होतं: विषयाचे छोटे तुकडे, बाजूला टिपणांसाठी रुंद कोरा समास, दर दोन-तीन पानांनी आपली प्रगती तपासायला प्रश्नांची चौकट आणि युनिटच्या शेवटी उत्तरं. फरक एवढाच, की पुस्तकाची बॅटरी संपत नसे. आणि उत्तरं आधीच बघून चौकट भरण्याचा मोह तेव्हाही आजच्याइतकाच होता.

तो मोह सिस्टरांमुळे मोडला. रात्रपाळी संपवून सकाळी आठला मी त्यांना चार्ज द्यायचे. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली हातात घेता घेता त्या विचारायच्या, ‘आज क्या पढ़ा, मोळे?’ डोळ्यांत झोप, पायांत गोळे, घरी धाकटा वाट बघत असलेला. अशा वेळी हा प्रश्न विषासारखा वाटायचा. ‘पोटॅशियम का इम्बॅलन्स’ असं एकदा पुटपुटले. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि मला धरून अकरा नंबरच्या पलंगाशी नेलं. जुलाबांनी खंगलेली एक म्हातारी होती. तिच्या ईसीजीची पट्टी हातात दिली. पोटॅशियम उतरलं की टी लहर चपटी होते, तिच्यामागे यू नावाचं एक छोटं टेंगूळ उठतं, हे मी तीन तासांपूर्वी वाचलं होतं. पट्टीवर ते टेंगूळ दिसलं. ‘अब बताओ, केसीएल सीधा सिरिंज से देगा क्या?’ नाही, कधीच नाही, सलाइनमध्ये मिसळून, सावकाश, नाहीतर हृदय थांबेल. ‘बस. घर जाओ.’ सगळं मिळून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांनी मला जे शिकवलं, ते मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

ड्यूटीचा तक्ता त्या पेन्सिलीने लिहायच्या, खोडता यावा म्हणून. अभ्यासकेंद्राचे वर्ग बहुतेक रविवारी. माझ्या नावासमोरच्या रविवारची संध्याकाळची पाळी खोडलेली दिसायची आणि तिथे त्यांचं नाव असायचं. इन्चार्ज बाईने रविवारी संध्याकाळची पाळी करायची, हे त्या काळी कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा मी आभार मानायला गेले. ‘चर्च सुबह होता है,’ एवढंच म्हणाल्या आणि लिनन मोजायला लागल्या.

दुसरं देणं घरातलं. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या, अमरावतीकडच्या. क्वार्टरमध्ये पहाटे नळाला पाणी यायचं, ते यायची वेळ आणि जायची वेळ दोन्ही त्याच्या मर्जीवर. त्या एका तासात पिण्याचं, वापरायचं, धुण्याचं सगळं भरून घ्यायचं, आणि ते काम सुनेचं. परीक्षेच्या आदल्या वर्षी एका पहाटे मी बादली उचलायला गेले तर आईंनी कडी धरली. ‘तू पुस्तक घे. नळाचं मी पाहते.’ त्यांना संधिवात होता. पुढे पदवी हाती येईपर्यंत माझा अभ्यास नळाच्या वेळेत झाला. बाहेर भांड्यांचा खणखणाट चालू आणि आत मी कम्युनिटी हेल्थ वाचते आहे. पाणी गेलं की आई दारातून ओरडायच्या, ‘झालं का गं?’ त्यांना विषय कळत नव्हता, पण किती पानं झाली याचा हिशेब त्यांच्याकडे चोख असायचा. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा फिजिओथेरपीचे व्यायाम मी करून घेतले. ते फिटणं नव्हे, पण हात चालत होते तोवर बरं वाटत होतं.

तिसरं देणं कोविडच्या काळातलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये दीक्षावर आयगॉटचे कोर्स आले. डॉक्टर, नर्स, एएनएम, सफाई कर्मचारी, एनसीसीची पोरं, सगळ्यांसाठी. संसर्ग रोखणं, पीपीई, नमुना घेणं, विलगीकरण, व्हेंटिलेटरची काळजी. वर्ग भरवायची सोयच नव्हती, एका खोलीत दहा माणसं बसवणं हाच गुन्हा. तेव्हा फोनवर शिकायचं. फोन पारदर्शक पिशवीत घातलेला, पिशवीवरून बोट फिरवलं की नको ते पान उघडायचं.

पीपीई चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड. आधी काय, मग काय, मध्ये हात किती वेळा स्वच्छ करायचे, हे चुकलं की दिवसभर घामात भिजून केलेला बचाव शेवटच्या दोन मिनिटांत वाया जातो. म्हणून उतरवताना दुसरं कुणीतरी समोर उभं राहून बघत असावं, असा नियमच आहे. आता मनुष्यबळ कुठून आणायचं? आमच्या वॉर्डातली आयाबाई पुढे आली. अंगठा उठवणारी. तिने तो व्हिडिओ माझ्या फोनवर जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा पाहिला, की फोनचा डेटा संपला म्हणून मला रिचार्ज मारावा लागला. मग ती दाराशी स्टूल टाकून बसू लागली. ‘पहले ग्लव्ज़. अब सैनिटाइज़र. गाउन बाहर की तरफ़ से मत पकड़ो.’ डॉक्टर असो की वॉर्डबॉय, कुणाचा हात नकळत चेहऱ्याकडे गेला की ‘हाथ नीचे!’ अशी गर्जना. मोठमोठे विशेषज्ञ शाळकरी पोरासारखे हात खाली घ्यायचे. त्या कोर्सचं सर्टिफिकेट मला मिळालं, तिला मिळालं नाही, कारण शेवटची प्रश्नपत्रिका वाचून सोडवायची होती. ती मी तिला वाचून दाखवून सोडवून घेतली असती, पण लॉगिनला लागणारा तिचा मोबाइल नंबर दर दोन महिन्यांनी बदलायचा. आमच्या वॉर्डात आम्ही जे वाचलो, त्यात त्या स्टुलाचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत.

आता स्टाफच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आहे. कुठला कोर्स घ्यायचा, कुणाला घ्यायला लावायचा. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं मिशन कर्मयोगी सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर झालं, तेव्हापासून निवडीला तोटा नाही, उलट निवड हाच व्याप झाला आहे. वरून कागद येतो: सर्व कर्मचाऱ्यांनी अमुक मॉड्यूल फावल्या वेळेत पूर्ण करावं. एका बैठकीत मी विचारलं, साहेब, फावला वेळ रोस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचा? हशा झाला. साहेबही हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मी मात्र दोनच्या हँडओव्हरला लागून अर्धा तास बाजूला काढला, जेव्हा जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पाळ्या वॉर्डात असतात. एक गट पेशंट बघतो, दुसरा शिकतो, मग अदलाबदल. पेन्सिलीने लिहिते.

हा अर्धा तास नसेल तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओचा आवाज बंद करून फोन उशीखाली ठेवायचा, सकाळी ‘शंभर टक्के पूर्ण’. यात मला मुलींचा दोष दिसत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन कोर्सांचा हिशेब 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता: नाव नोंदवणाऱ्या शंभरांतले जेमतेम तीन शेवटपर्यंत पोचतात. तिथे तर रात्रपाळीही नसते.

म्हणून मी कोर्स बघते तेव्हा तो किती नामांकित, हे शेवटी बघते. आधी बघते, मध्येच सोडून धावावं लागलं तर परत आल्यावर तिथूनच सुरू होतो का. हिंदीत आहे का, आणि ती हिंदी माणसांची आहे का. घरच्या वायफायवर उतरवून वॉर्डात नेटशिवाय बघता येतो का. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला पलीकडे कुणी जिवंत माणूस आहे का. आणि जिथे हात लागतो तिथे फोन पुरत नाही, हे स्पष्ट सांगतो का. जन्मतः न रडलेल्या बाळाला अँब्यू बॅगने श्वास देताना मास्क चेहऱ्यावर किती दाबायचा, छाती किती उचललेली दिसली पाहिजे, हे शंभर व्हिडिओ बघून येत नाही. त्याला रबरी बाहुली लागते. मी नोकरी केलेल्या एका ठिकाणी अशी बाहुली होती, स्टोअरमध्ये, कुलुपात, खराब होऊ नये म्हणून.

पलीकडे जिवंत माणूस असल्याने काय फरक पडतो, हे पाहणारा एक प्रयोग भोपाळच्या शेजारी सीहोर जिल्ह्यात झाला, तो मला म्हणूनच जवळचा वाटतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात सुरू केलेल्या ‘संगाथ’चं काम भोपाळातही आहे. नैराश्याच्या आजारावर डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटींत करायचे उपचार त्यांनी गोव्यात सिद्ध केले होते. 2017 च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते आलं. पुढचा प्रश्न असा, की हे गावोगावच्या लाखो आशा कार्यकर्त्यांना शिकवायचं कसं? सीहोरमध्ये त्यांनी आशांना तीन तऱ्हांनी शिकवून पाहायचं ठरवलं: वर्गात बसवून, नुसतं फोनवर, आणि फोनवर शिकताना मध्ये मध्ये फोन करून विचारपूस करणारा माणूस जोडून देऊन. त्या आधी आशांपाशी बसून त्यांना काय जड जातं ते समजून घेतलं; अनेकींनी स्मार्टफोन तोवर हाताळलेला नव्हता. त्या तिसऱ्या तऱ्हेबद्दल वाचलं तेव्हा मला हसू आलं. ‘आज क्या पढ़ा, मोळे?’ याला आता संशोधनात एक स्वतंत्र गट मिळाला होता.

सीहोरकडची एक आशा आमच्याकडे पेशंट घेऊन येते. साडी गुलाबी म्हणावी अशी, धुऊन धुऊन रंग उडालेली. ती कुठलंसं मॉड्यूल करत होती, बाकावर बसून. मी म्हटलं, वेळ कसा काढतेस? म्हणाली, ‘फ़ोन बेटे का, टाइम बहू का.’ मुलगा शेतावरून आला की फोन मोकळा, आणि तेवढा वेळ सून चुलीशी. मी त्या सुनेला पाहिलेलं नाही. पुढच्या खेपेला तिच्यासाठी पांढुर्ण्याची संत्री पाठवली, तेवढंच सुचलं.

सिस्टर निवृत्त होऊन कोट्टयमला गेल्या. आता सत्तरीच्या घरात आहेत. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन काळजी घेणारे स्वयंसेवकांचे गट गावोगाव आहेत. 1993 मध्ये कोळीकोडला जे काम सुरू झालं, त्याचा हा पसारा. सिस्टर अशाच एका गटात जातात. मागच्या वर्षी त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचा ऑनलाइन कोर्स धरला, आणि मला फोन: ‘मोळे, ये म्यूट क्या होता है?’ मी भोपाळातून, दुपारची पाळी चालू असताना, त्यांना बटण कुठे आहे ते सांगितलं. मग लॉगिन, मग पासवर्ड, मग पासवर्ड विसरला. आता दर आठवड्याला वर्ग संपला की त्यांचा फोन येतो. मॉर्फिन तोंडाने देताना पहिल्या दिवसापासूनच बद्धकोष्ठाचं औषध जोडायचं, हे मला त्यांनी परवा शिकवलं आणि विचारलं, तुमच्या वॉर्डात देता का? मी म्हटलं, बघून सांगते. ‘बघून’ नको, कपाट उघड आणि आत्ता सांग, म्हणाल्या. व्हिडिओतला डॉक्टर मात्र फार सावकाश बोलतो, अशी त्यांची तक्रार आहे. वेग वाढवायचं बटण दाखवलं आहे. दीडपट वेगाने ऐकतात.